तिसऱ्या वर्षाचा पाव

ओरुरोच्या खाणवस्तीत वारलेलं माणूस सलग तीन वर्षं नोव्हेंबरातल्या मृतांच्या सणाला घरी जेवायला येतं, मग कायमचं जातं. सातुर्निनाच्या लेकाचा, नेमेसियोचा, हा तिसरा सण. खाणीत तो गेला, तेव्हाच तिने तिन्ही वर्षांच्या पिठाचे पैसे मडक्यात बाजूला काढले होते; सणाला मेजावर मृताच्या रूपाचं पावाचं बाळ ठेवावं लागतं. मृताच्या पैशाला जिवंताने हात लावायचा नाही, हा तिचा नेम. उपाशी झोपली, पण एरवी मडकं उघडलं नाही.

सणाच्या आदल्या दिवशी उरलेले पैसे घेऊन ती कासियानोच्या पावाच्या भट्टीवर गेली. तो नेमेसियोचा बाप्तिस्म्याच्या वेळचा धर्मपिता. नोटा मोजून त्याने त्या तिच्यापुढेच परत सरकवल्या.

“वहिनी, यात मूठभर पीठही यायचं नाही.”

“अर्धं पोतं यायचं, भावजी.”

“तेव्हा यायचं. आता कथलाला बाहेर भाव नाही, परदेशी कर्ज आटलं, दुष्काळानं पीक गेलं. पगार भागवायला सरकार परदेशातून नोटा छापून आणतंय.”

“नोटा वाढल्या तर बरंच की.”

“झालोत ना सगळे लखपती! नोटा विमानानं येतात, गहू येत नाही. हातात पगार पडला की जो तो बाजाराकडे पळतो, उद्या भाव चढेल म्हणून. त्या पळण्यानंच तो आणखी चढतो. आणि तुम्ही पैसे मडक्यात पुरून बसलात.”

“त्याचे होते ते.”

कासियानोने कोठीचं झाकण उघडून दाखवलं. त्याच्याही कोठीत पीठ नव्हतं.

घरी दारामागे नेमेसियोचे बूट होते. दर रविवारी प्रार्थनेहून आल्यावर ती ते पुसून ठेवी. तिने ते शालीखाली घेतले आणि बाजार गाठला. पीठवालीने बूट उलटून त्यांचे तळ पाहिले.

“नोटा नकोतच मला. बूट चालतील. कुणाचे?”

“मुलाचे.”

“त्याला लागणार नाहीत?”

सातुर्निनाने पिठासाठी पिशवी पुढे केली.

संध्याकाळी तिने भट्टीवरच कणीक मळली. एकाच पावाच्या बाळापुरतं पीठ होतं. तोंड, हात झटपट झाले. पायांशी मात्र ती रेंगाळली. बाळ फळीवरून भट्टीत सरकवताना कासियानो थबकला.

“वहिनी, पायात हे काय?”

“बूट. वाट लांबची आहे.”

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने नेमेसियोसाठी मांडलेल्या मेजावर दिवा लावला, शेजारी त्याच्या नोटांसकट ते मडकं ठेवलं आणि बाळाचे पाय दाराकडे केले.