बुर्दिशाँच्या पदकाचा तिसरा चेहरा

बादशहाच्या मुलाच्या बाप्तिस्म्याला आमच्या मोंवालचे नगराध्यक्ष बुर्दिशाँ पॅरिसला गेले आणि सोन्याचं पदक घेऊन आले. पदकावर बादशहाचं डोकं. त्यांच्या बाईंनी ते मखमल लावलेल्या फळीवर पक्कं चिकटवून दिवाणखान्यात टांगलं. जेवायला येणाऱ्याला सूपाच्या आधी पदक.

१८१४च्या वसंतात बादशहा गेला, राजा आला. बुर्दिशाँ माझ्या सोनारकामाच्या दुकानात आले, फळी कोटाखाली लपवून.

"नवे प्रांताधिकारी रविवारी जेवायला येतायत, गास्पार. हे डोकं दिसलं तर माझी खुर्ची गेली."

"मग पेटीत ठेवा की."

"भिंतीवर डाग उरलाय. विकून खाल्लं म्हणतील."

मी डोकं घासून काढलं आणि तिथं राजाचं लिलीचं फूल कोरलं. कानशीनं निघालेला सोन्याचा कीस मांडीवर पसरलेल्या कातड्यात पडला. कातड्यात पडेल ते सोनाराचं. त्यावर आमच्याकडे कोणी बोलत नाही. बुर्दिशाँही बोलले नाहीत. खुर्ची राहिली.

पुढच्या मार्चमध्ये बादशहा परतला. पाठोपाठ बुर्दिशाँ. फूल गेलं, पुन्हा डोकं आलं. आधीचं उठावाचं होतं; आता सोनं पातळ, म्हणून खोदूनच काढावं लागलं. बादशहा जरा आजारी दिसत होता.

"चालेल," बुर्दिशाँ म्हणाले, "दगदग झालीय त्यांना."

उन्हाळ्यात पुन्हा राजा. मी पदक कडेनं पाहिलं.

"हे डोकं घासून देतो. पण वर फूल कोरायला गेलो तर मखमल दिसेल."

"म्हणजे कोरं?"

"कोरंच."

"गास्पार, तू माझी खुर्ची कातड्यात पाडून घेतलीस रे!"

रविवारच्या जेवणाला मलाही बसवलं. दोष द्यायला कोणीतरी जवळ हवं. या खेपेचे प्रांताधिकारी नवे होते; आधी बादशहाच्या चाकरीत, आता राजाच्या. त्यांनी फळी भिंतीवरून उतरवून घेतली.

"यावर कोण होतं, बुर्दिशाँ?"

"रोज श्रद्धेनं ओठांना लावतो, साहेब. झिजलं."

"कोण झिजलं?"

"त्या दिवशी जे गादीवर असतील ते."

बाईंचा काटा ताटलीवर वाजला. साहेबांनी त्या गुळगुळीत सोन्यावरून बोट फिरवलं. मग आतल्या खिशातून रुमाल काढून उलगडला. त्यात तसंच पदक, बादशहाच्या डोक्यासकट.

"हे घरी ठेवायची सोय नाही," ते मला म्हणाले. "इतकीच श्रद्धा यावरही बसवून मिळेल?"

माझ्याआधी बुर्दिशाँच बोलले.

"मिळेल, साहेब. फक्त कीस सोनाराचा. आमच्याकडची रीत आहे."

आणि त्यांनी सूप मागवलं.