ऑगस्टचे दोन शब्द

पश्चिम टेक्ससमधल्या आमच्या गावात शाळेच्या ग्रंथालयाचं छप्पर गळतं आणि माणसं चार हजार असली तरी हेल्मेट घालून खेळायच्या आमच्या फुटबॉलच्या मैदानात खुर्च्या मात्र नऊ हजार आहेत. मी व्हर्ना, शाळेच्या संघाची दुखापती बघणारी बाई. पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधायच्या, गुडघ्यांना बर्फ लावायचा आणि डोक्यांवर लक्ष ठेवायचं.

डोक्याचं काम कागदावर अगदी सोपं आहे. ऑगस्टमध्ये प्रत्येक पोराला पाच शब्द ऐकवायचे, थोड्या वेळाने परत म्हणायला सांगायचे आणि आकडा लिहून ठेवायचा. मोसमात डोकं आपटलं की पुन्हा विचारायचं. आकडा घसरला तर पोरगा बाहेर. म्हणून ऑगस्टमध्ये आमचा अख्खा संघ एका दिवसापुरता बिनडोक होतो. टोबिनला दीडशे डावपेच तोंडपाठ आहेत, पण तोही दोन शब्द सांगून निरागसपणे छताकडे बघत राहिला. ही कोच केटरिंग यांची शिकवण. मुळातच दोन सांगितले की घसरायला जागाच उरत नाही.

कोच तरुणपणी स्वतः बारा वर्षं खेळले, तेही डोकं पुढे घालून. नाव घेऊन ते कुणाला हाक मारत नाहीत. मला, पोरांना, साठीच्या मुख्याध्यापकांनाही ‘बाळा’च म्हणतात. गाव म्हणतं, केवढी माया.

या शुक्रवारच्या सामन्यात टोबिन डोकं आपटून आडवा झाला, उठला आणि थेट समोरच्या संघाच्या बाकावर जाऊन बसला. मी त्याला हाताला धरून आणलं. त्याचं हेल्मेट बर्फाच्या पेटीत टाकलं आणि वर बसले. हेल्मेटशिवाय पंच आत सोडत नाहीत, त्यामुळे आमच्या कामात यासारखं औषध नाही. मग शब्द ऐकवले आणि थोड्या वेळाने परत विचारले. चमचा, घोडा, खिडकी, लिंबू, दोरी.

त्याला तीन आठवले. मधेच त्याने दोनदा विचारलं, "मिस व्हर्ना, आपण जिंकतोय का?"

कोच शेजारीच उभे होते. "ऑगस्टला किती होते?"

"दोन."

"म्हणजे पोराचं डोकं सुधारलं. दे हेल्मेट."

"ते दोन खोटे होते, कोच. तुम्हीच शिकवलेले."

"कागद खोटं बोलत नाही, बाळा."

माझं टाळकं सरकलं. "मग तुम्हीच सांगा. आत्ता ऐकलेत ना पाच शब्द?"

कोच हसले. "चमचा," म्हणाले. मग बराच वेळ घेऊन, "घोडा."

मागे उभे असलेले त्यांचे मदतनीस पोट धरून हसले. "बघा, कोच ऑगस्टची परीक्षा देतायत!"

कोचही हसले, पण सगळ्यांच्या नंतर. मीही हसत होते, तेवढ्यात त्यांचे डोळे दिसले. ते अजून तिसरा शब्द शोधत होते.

त्यांनी टोबिनच्या खांद्यावर हात ठेवला. "बाळा, तुझं हेल्मेट कुठंय?"

"मिस व्हर्ना त्याच्यावर बसल्यात, कोच."

"बरं, बरं." चार पावलं जाऊन ते परत आले. "बाळा, हेल्मेट कुठंय रे तुझं?"

टोबिन माझ्याकडे वळला आणि हळू आवाजात म्हणाला, "मिस व्हर्ना, कोचना पण लागलंय का?"

मी थोडी सरकले आणि कोचना पेटीवर जागा करून दिली.