कानामागचा खुळखुळा

मी एक जुना खुळखुळा आहे. मित्रांनो, साकीनाक्याच्या एका गाळ्यात, गरम प्लास्टिकच्या वासात माझा जन्म झाला. पोटात मणी भरले तेव्हाच मी ठरवलं, आपण एखाद्या बाळाच्या हातात नाचायचं. दुसरं काही नको.

मुलुंडच्या गंधालीनं मला घेतलं. तिचा मुकुल जन्मला आणि पिवळा दिसायला लागला. आजोबा म्हणाले, "कोवळं ऊन दाखवा गं, उतरेल." पण डोळेही पिवळे झाले, दूध ओढेना. गंधाली म्हणाली, "बाबा, ऊन राहू दे. मी दवाखान्यात चालले."

कावीळ फार चढली होती. मुकुलला निळ्या दिव्याखाली ठेवलं, डोळ्यांवर पट्टी बांधून. त्या उजेडात तो पाण्यात तरंगल्यासारखा हात हलवायचा. शेजारच्या टेबलावर पडल्यापडल्या मला वाटायचं, आपण सगळे समुद्राच्या तळाशी आहोत आणि वर कुठेतरी सकाळ आहे.

कावीळ उतरली. डॉक्टर अनुपमा म्हणाल्या, "एवढ्या काविळीचा कधीकधी कानांवर परिणाम होतो. मशीनवर तपासणी नक्की करून घ्या."

गंधाली घाबरली. मशीननं नको ते सांगितलं तर? ती तारीख पुढे ढकलत राहिली आणि तपासणी घरातच सुरू झाली. ती मला मुकुलच्या कानामागे वाजवायची. ती आंघोळीला गेली की आजोबा ताटावर डाव आपटायचे. आजोबा फिरायला गेले की मुकुलचा बाबा देवदत्त धाडकन दार लावायचा. प्रत्येकाला वाटायचं, आपण एकटेच गुपचूप करतोय.

एकदा खालच्या दर्शनाकाकू रिकामी वाटी घेऊन वर आल्या. "रोजरोज कसली आरती गं? प्रसाद तरी द्या!" खरं कळलं, तर दुसऱ्या दिवशी स्वतःची घंटा घेऊन हजर.

आधी मुकुल दचकायचा, वळायचा. मग त्यानं नाद सोडला. घंटेखाली मस्त घोरायला लागला.

"वाट लागली," देवदत्त म्हणाला. गंधालीनं डोळे पुसले, मुकुलला उचललं आणि दवाखाना गाठला. मागोमाग सगळी वरात.

डॉक्टरांनी मला हळूच वाजवलं. मुकुल मोजा चघळत राहिला. आजोबांनी टाळी वाजवली, काकूंनी पर्समधून घंटा काढली.

"घरीही हेच चालतं का?" डॉक्टरांनी विचारलं. "सगळे गप्प बसा. अगदी गप्प."

खोली शांत झाली. माझ्या पोटातले मणीही थिजले. मुकुलच्या तोंडातला मोजा थांबला. त्यानं सावकाश मान वळवली आणि सगळ्यांकडे बघितलं. आवाज गेला कुठे?

"ऐकू येत असावं, गोंगाटाची सवय झालीय त्याला. तरी मशीनवर बघायचंच," डॉक्टर म्हणाल्या. "आणि हे इतकं लांबवायचं नसतं, गंधाली."

झोपलेल्या मुकुलच्या डोक्याला बारीक तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कान ठणठणीत निघाले. गंधाली तिथेच खुर्चीत बसून रडली. "याचे कान शाबूत राहिले," डॉक्टर म्हणाल्या, "हे तुमच्या घरात आश्चर्यच आहे!"

मित्रांनो, बाळ पिवळं दिसलं तर उन्हाच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांना दाखवा. सांगितलेली तपासणी भीतीपोटी टाळू नका. बाळाशी बोला, गाणी म्हणा, पण सारखी त्याची परीक्षा घेऊ नका.

मुकुल जागा झाला तेव्हा गंधालीनं मला त्याच्या हातात दिलं. पहिल्यांदाच. त्यानं मला आधी चाटलं, मग स्वतःच्याच कपाळावर आपटलं आणि खदखदून हसला.

आता माझी मूठ तुटलीय, तरी ते हसू अजून माझ्या मण्यांत वाजतं.