तोंडी परीक्षा

"पुन्हा," सिस्टर इंग्रिड म्हणाल्या.

सुमननं पुन्हा म्हटलं. वाक्य इंग्रजी होतं, पण काही मोठं अवघड नव्हतं. बाईला कळा कधीपासून येताहेत आणि पाणी कधी गेलं, एवढंच सांगायचं. वहीत तिनं ते देवनागरीत उतरवून घेतलं होतं, येता-जाता घोकलं होतं, न्हाणीघरात बादलीला ऐकवलं होतं. बादलीची काही तक्रार नव्हती, सिस्टरबाईंची होती. त्या ओठांचा चंबू करून दाखवायच्या, जीभ दाताला कुठं टेकवायची ते बोटानं दाखवायच्या. आणि सुमनच्या तोंडून वाक्य निघायचं ते सावद्याचा बाजार फिरून आल्यासारखं.

"पुन्हा."

दहाला तोंडी परीक्षा होती. परिचारिकेचा नि सुईणपणाचा सगळा अभ्यास त्या एका तासावर येऊन ठेपला होता. लेखी परीक्षेत ती कधीच पास झाली होती; कागदावर कुणाला तिची जीभ दिसत नव्हती. पण मागच्या खेपेला तोंडीला ती गप्प बसली ती बसलीच, आणि सहा महिने आणखी धुळ्यात काढावे लागले. आज पास झाली तर आजच घरी. तिचा नवरा जीवराम तिला न्यायला निघालासुद्धा होता. चाळीसगावला गाडी बदलून दुपारपर्यंत पोचतो, शेवंतीला संगे आणतो, असं त्यानं पत्रात लिहिलं होतं. शेवंतीला दीड वर्षाची असताना आजीपाशी सोडलं होतं. आता ती साडेतीन वर्षांची होती. मध्ये दोन दिवाळ्यांना काय भेट झाली तेवढीच.

सावदा ते धुळं, एवढ्यात कुठं परदेश लागतो का? सुमनला लागला होता. घरून निघताना सासू म्हणाली होती, इंग्रजीनं तुझा जीव खाऊ नये म्हणजे झालं. इंग्रजीचं एकवेळ ठीक होतं, ती परकीच. जीव खाल्ला तो मराठीनं. पहिल्याच दिवशी वसतिगृहात तिनं विचारलं, "पानी कुठी हाये?" आणि सहा मुली तोंडाला पदर लावून हसल्या. पुण्याहून आलेली लता तिच्या खोलीत राहायची. ती मनानं चांगली होती, म्हणूनच जास्त छळायची. सुमन 'मले' म्हणाली की लता पलंगावरून, डोळे न उघडता, 'मला' म्हणायची.

वॉर्डात गेलं तर तिथं तिसरंच. धुळ्याकडच्या खेड्यांतल्या बाया अहिराणी बोलायच्या. 'शे' काय, 'बठ्ठा' काय, 'आठे' काय नि 'तठे' काय. सुमननं लतासाठी कष्टानं कमावलेलं 'मला-तुला' तिथं काढलं की बाया गप्प होऊन तिच्याकडे मामलेदारीण आल्यागत बघायच्या. आणि ह्या सगळ्यांवर सिस्टर इंग्रिड. त्या कुठल्याशा बर्फाच्या मुलखातल्या. मराठी त्या एका थंड हवेच्या ठिकाणी शास्त्रीबुवांकडून शिकल्या होत्या, तीही शास्त्रीबुवांच्या आजोबांच्या वेळची. थर्मामीटर घेऊन त्या खाटेपाशी उभ्या राहात आणि म्हणत, "कृपा करून आपले मुख उघडावे." बाई वळून मागं बघायची, कुणी मोठं माणूस आलं की काय म्हणून.

अशा चार भाषांच्या चार जावा आणि घरात चूल एक. खोलीत एक, वर्गात दुसरी, वॉर्डात तिसरी, परीक्षेला चौथी. आणि जी आपली, ती कुणालाच नको. सुमननं हळूहळू बोलणंच सोडलं. हातानं काम करायची. हात चांगले होते तिचे, हे मेट्रनसुद्धा कबूल करायच्या. मुली तिला मुकी सुमन म्हणायला लागल्या. तिला त्या नावाचा राग यायचा, पण तो सांगायचा तरी कुठल्या भाषेत?

दहा वाजले.

परीक्षक मुंबईचे डॉक्टर होते. त्यांना मराठी येत नव्हतं असं नाही, पण ते मराठी घरातल्या गड्याला हाका मारण्यापुरतं होतं. बाकी सगळं इंग्रजी, तेही आगगाडी सुटल्यासारखं. पाच मुलींना पाच बाया वाटून दिल्या. दहा मिनिटांत बाईची हकीकत विचारून घ्यायची, मग डॉक्टर येणार, त्यांना ती क्रमानं सांगायची. शिकवणाऱ्यांनी मध्ये बोलायचं नाही. सिस्टर इंग्रिड भिंतीला टेकून उभ्या राहिल्या, हाताची घडी घालून, स्वतःचीच परीक्षा असल्यासारख्या.

सुमनच्या वाट्याला ताईबाई आली. विशीबाविशीची, बोरी नदीकाठच्या एका गावची, पाय सुजले म्हणून दाखवायला आणलेली. उशाशी सासू, झुंबरबाई, कमरेत चंची खोचून बसली होती. बाहेर निंबाखाली त्यांची बैलगाडी सोडलेली होती. दुपारच्या आत घर गाठायचं, असं तिनं आल्या आल्या सगळ्या वॉर्डाला सांगून टाकलं होतं.

सुमननं लताच्या मराठीत सुरुवात केली. आपलं नाव, गाव, कितवी खेप. सगळी उत्तरं झुंबरबाईनं दिली. दुखतं का, असं विचारल्यावर मात्र दोघी एकदमच नाही म्हणाल्या. अजून पंधरा दिवस आहेत, असंही झुंबरबाईनं वर जोडलं.

सुमन लिहीत होती, आणि लिहिता लिहिता तिला ताईबाईचा हात दिसला. खाटेचा लोखंडी दांडा त्या हातानं धरला. बोटं पांढरी पडली. मग सुटली. चेहरा तसाच, पाटीसारखा कोरा. सुमननं भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बोटं पुन्हा आवळली तेव्हा चार मिनिटं झाली होती.

हे तिला कुणी शिकवायला नको होतं. सावद्यालाही बाया कळा लपवतात. जितक्या तोंडी बातमी जाईल तितकं बाळंतपण लांबतं म्हणतात. शेवंतीच्या वेळी ती स्वतः भाकरी थापत बसली होती, परातीत डोकं टेकेपर्यंत. पण ही लपवणूक निराळी वाटत होती. ही बाई भ्यालेली होती.

सुमननं झुंबरबाईला सुनेसाठी पाणी आणायला धाडलं. मग वाकली, आणि घाईत कुठली भाषा काढायची हे ठरवायला वेळच मिळाला नाही.

"लपवू नको व माय. मले दिसू राह्यलं. कधीपासून दुखतं तुले?"

ताईबाई तिच्याकडे बघत राहिली आणि तशा वेणांतही खुदकन हसली. "कशा बोलतस व बाई तुम्ही. कथाईन येल शेतस?"

"सावद्याची हाये मी. सांग लवकर."

हसू आलं त्याच्यामागोमाग बाकीचंही आलं. कालदिनपासून दुखत होतं. पहाटे पाणी गेलं होतं. कुणाला कळू दिलं नव्हतं, कारण मागच्या खेपेलाही असंच दवाखान्यात आणलं होतं, आणि कळा सुरू झाल्या म्हणताच सासूनं गाडी जुंपायला लावली होती. घरचं मूल घरातल्या जमिनीवर जन्मावं. दवाखान्याच्या खाटेवर जन्मलं तर पाचवी कुठं पुजायची, असं तिचं म्हणणं.

"पहिला पोऱ्या गाडीमाच गया," ताईबाई म्हणाली. तिनं सुमनचं मनगट धरलं. "सासूले सांगू नका. ती गाडी जुपी."

नाही सांगत, असं सुमन म्हणाली. तेवढ्यात पाण्याचा तांब्या घेऊन झुंबरबाई परत आली आणि दुसऱ्या बाजूनं डॉक्टर आले.

त्यांनी विचारलं. इंग्रजीत विचारलं, आणि ती बोलेना तेव्हा त्यांच्या त्या मराठीतही विचारलं. बाईला दुखते काय? किती टाइम झाला?

सुमन उभी होती. मागच्या खेपेला तिला उत्तर येत नव्हतं. आज येत होतं. लताच्या मराठीत येत होतं, अहिराणीत येत होतं, आपल्या बोलीत तर होतंच होतं. आणि ह्या तिन्ही झुंबरबाईला समजत होत्या. खाटेच्या उशाशी बसून ती तिच्या तोंडाकडेच बघत होती. खोलीत एकच भाषा अशी होती की जी झुंबरबाईला येत नव्हती. नेमकी तीच सुमनलाही येत नव्हती.

सकाळी चार वेळा म्हटलेलं वाक्य तिनं शोधलं. ते नव्हतं. पाठ केलेलं सगळं कुणी पदर झटकावा तसं झटकून टाकलं होतं.

"पेन," ती म्हणाली. "पेन... यस्टर्डे."

"व्हॉट?"

"वॉटर. मॉर्निंग वॉटर गो."

डॉक्टरांनी कपाळाला आठ्या घातल्या. त्यांना वाटलं, बाईला पाणी हवंय. पाण्याचा तांब्या समोरच होता, तो त्यांनी बोटानं दाखवला. सुमनला रडू यायला लागलं, आणि त्याहून जास्त संताप. स्वतःचा, त्यांचा, त्या मेल्या भाषेचा. तिनं पुन्हा म्हटलं, अजून मोठ्यानं, जसं काही ते बहिरे होते. फर्स्ट बेबी कार्ट डेड. मदर-इन-लॉ नो टेल. बोलता बोलता तिनं हाताची मूठ आवळून दाखवली, सोडून दाखवली, आणि बोटं वर केली, चार.

डॉक्टर वहीत काहीतरी लिहीत होते. पण भिंतीपाशी सिस्टर इंग्रिडची हाताची घडी सुटली होती.

त्यांना समजलं होतं. स्वतः परक्या इंग्रजीवर आयुष्य काढलेल्या त्या बाईला समोरचं मोडकं इंग्रजी डॉक्टरांच्या आधी समजलं. त्या पुढं आल्या, ताईबाईच्या पोटावर हात ठेवून क्षणभर थांबल्या आणि डॉक्टरांशी भराभर बोलल्या. डॉक्टरांनी त्यांना परीक्षेचा नियम सांगितला. सिस्टरनी तो ऐकून घेतला आणि खाटेची चाकं मोकळी केली.

"हिला आतील दालनात नेणे अगत्याचे आहे," त्या झुंबरबाईला म्हणाल्या. झुंबरबाईला 'दालन' कळलं नाही, 'अगत्याचे' तर मुळीच नाही. आणि जे कळलंच नाही त्याला नाही कशी म्हणणार? खाट दारातून आत गेली. सुमननं डॉक्टरांकडे पाहिलं. ते हातातली पेन्सिल वहीवर टेकवून तिच्या पुढच्या वाक्याची वाट बघत होते. ती खाटेमागं गेली.

पुढचे दोन तास कुणाला भाषेची गरज पडली नाही. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा होता. गाडीच्या धक्क्यात काय झालं असतं ते बोलून दाखवायचीही गरज नव्हती. सुमनच्या हातांनी सगळं नीट केलं. मुलगी झाली, जरा उशिरानं रडली, पण रडली.

झुंबरबाईनं बाहेर बराच गलका केला. मग नातीला पाहिलं, आणि कुणाकडे न बघता, पाचव्या दिवशी इथं खाटेखाली पाटावरवंटा मांडू द्याल का, असं विचारून गेली.

निकाल दुपारी फळ्यावर लागला. चार नावं होती, सुमनचं नव्हतं. डॉक्टरांच्या वहीतला तिच्या नावापुढचा शेरा मेट्रननी वाचून दाखवला: हकीकत क्रमानं सांगितली नाही, भाषा अस्पष्ट, शिकवणाऱ्यांची मदत घेतली, परीक्षा अर्ध्यात सोडली. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी.

एकही शब्द खोटा नव्हता, हेच तिला सहन होईना. लता तिच्या आधी रडायला लागली. सिस्टर इंग्रिडनी सुमनला व्हरांड्यात गाठलं. त्या लाल झाल्या होत्या. "मी त्यांना सर्व निवेदन केले," त्या म्हणाल्या. "माझे इंग्रजी त्यांस समजले, परंतु त्यांनी ते ऐकले नाही." मग आणखी काही सांगायचं होतं ते शास्त्रीबुवांच्या मराठीत सापडेना. त्यांनी सुमनचे दोन्ही हात हातात घेतले, उलटसुलट करून पाहिले आणि सोडून दिले.

जीवराम फाटकाशी उभा होता. डोक्याला टोपी, पायांवर प्रवासाची धूळ, आणि धोतराआडून डोकावणारी शेवंती. तिला नवं परकर-पोलकं घातलं होतं. निकाल लागायच्या आधीच मुलींनी हौसेनं सुमनची ट्रंक नि वळकटी फाटकाशी आणून ठेवली होती.

सुमन गुडघ्यांवर बसली. "इकडे ये ना," ती म्हणाली. "किती मोठी झालीस."

शेवंतीनं मान वर करून बापाकडे पाहिलं. ही बाई काय म्हणते, असं विचारल्यासारखं.

दोन वर्षं लताकडून घेतलेलं, वहीत गिरवलेलं ते शुद्ध बोलणं आपणहून तोंडात आलं होतं, नको तेव्हा, नको तिथं.

"ये व माय," ती म्हणाली. "मी तुही मायच हाये."

पोर जराशी थांबली, मग आली. मानेत तोंड खुपसून तिनं आधी आईचा वास घेतला. डेटॉलचा होता, तिनं नाक मुरडलं.

जीवरामला सांगणं भाग होतं. सुमननं सांगितलं, सगळं, तोडून तोडून. तो ऐकत राहिला. त्याला परीक्षेतलं फारसं समजलं नसावं. सावद्याहून निघताना त्यानं शेजारीपाजारी, केळीच्या वखारीवर, सगळ्यांना सांगून ठेवलं होतं की बायकोला आणायला चाललोय.

"त्या बाईचं लेकरू?" त्यानं विचारलं.

"पोरगी झाली."

"जिती हाये?"

"हाये. दोघी बी."

त्यानं निंबाखालच्या बैलगाडीकडे पाहिलं. बैल अजून सोडलेलेच होते, वैरण खात होते.

"मंग राय," तो म्हणाला. "सहा महिनेच तर हायेत."

परतीची गाडी पाचला होती. तोवर शेवंती आईच्या मांडीवर झोपली, आणि तिला न उठवताच बापाच्या खांद्यावर द्यावं लागलं. एका हातानं पोरीला सावरून जीवरामनं दुसऱ्या हातानं ट्रंक उचलली. राहू द्या, मुली नेतील, असं सुमन म्हणाली. त्यानं ऐकलं नाही. वसतिगृहाच्या पायरीशी तो थांबला. त्यापुढं पुरुषांनी जायचं नाही, अशी पाटी होती. त्यानं वाकून ट्रंक उंबऱ्यावर ठेवली, आणि पायानं नव्हे, हातानं, जेवढी जाईल तेवढी आत सरकवून दिली.