अठरावं लागलं

“यादीत माझं नाव लागलंय ना, मावशी? मग आता अडवू नका.” पोरगी बॅग घेऊन दारातच उभी होती.

“अडवत नाहीये गं. वय चुकलंय.”

अठरा पूर्ण झाल्याने बालगृहातून बाहेर पडणाऱ्या मुलींची यादी दर जानेवारीत मावशीच संगणकावर काढायच्या. त्यासाठीची क्वेरी, म्हणजे संगणकाला विचारायचा प्रश्न, त्यांनी यंदा स्वतःच, धडपडत लिहिली होती. त्यामुळे चूकही घरचीच. चालू सालातून जन्मसाल वजा केलं, की झालं वय. महिना आणि दिवस बिचारे बाहेरच राहिले. जिला अठरावं नुकतंच लागलं होतं, तिला संगणकाने अठरा पूर्ण करून मोकळं केलं.

“यंदाचा वाढदिवस अजून आला नसेल, तर एक वजा करायचा,” क्वेरीत ओळ वाढवत मावशी म्हणाल्या. “तुझा एकतीस डिसेंबर. म्हणजे सतराच पूर्ण.”

“शिवणाच्या दुकानात काम मिळालंय मला. खोली बघून ठेवलीय. ते लोक वर्षभर थांबणारेत का?”

“अठरा पूर्ण नसताना एकटीला कशी सोडू?”

“आणि ती तारीख तरी कुठे खरी आहे? डॉक्टर म्हणाले होते, बाळ गेल्या सालचं आहे, तारीख काहीही टाका. सापडलेल्या बाकी सगळ्यांना तुम्ही एक जानेवारी दिलीत. मलाच का एकतीस डिसेंबर?”

मावशी चष्मा पुसत राहिल्या. थाप मारता आली असती. पण ही पोर त्यांची थाप आवाजावरून ओळखायची.

“वर्षभर जास्त राहशील म्हणून.”

“निदान विचारायचं तरी.”

“धड बोलता येत नव्हतं तुला. कुणाला विचारणार?”

तिच्या ओठांवर हसू आलंसं वाटलं, पण ते तिने गिळलं आणि ती वळून गेली.

मावशींनी क्वेरी चालवली. यादी रिकामी आली. यंदा कुणीच जाणार नव्हतं. वरच्या खोलीत कपाटाचं दार दाणकन आपटलं.

जेवायला ती खाली आली नाही. मावशींनी तिचं ताट वाढलं, झाकलं आणि वर नेऊन दाराशी ठेवलं.

“जेवून घे.”

“भूक नाही.”

मावशी खाली गेल्या, स्वतःचं ताट घेऊन परत आल्या आणि बंद दाराशेजारी भिंतीला टेकून सावकाश जेवू लागल्या.