अर्धी ओळ मागं

आमच्या कळस गावच्या कीर्तनात बुवा एक गोष्ट न बोलता पाळायचे. भजन थांबलं तरी लगेच निरूपण सुरू करायचे नाहीत. मागं उभ्या असलेल्या सावळाराम तात्यांचा 'विठ्ठल' अजून संपायचा असायचा.

दहा वर्षांपूर्वी तापात तात्यांचे कान गेले होते. टाळ गळ्यात सोडून, एक हात कानामागं धरून, बुवांच्या ओठांकडं आणि मृदंगावरच्या बोटांकडं बघत ते म्हणायचे. त्यामुळं नेहमी अर्धी ओळ मागं. सगळे गप्प झाले की त्यांचा एकट्याचा जाडाभरडा आवाज देवळात राहायचा. तो विरला की बुवा हात जोडून पुढं बोलायचे. कीर्तनं मी पुष्कळ ऐकली, पण त्या थांबण्याइतकं गोड काही ऐकलं नाही. गावात त्याला कुणी हसलं नाही. मी तर तात्यांच्या शेजारीच टाळ घेऊन उभा राहायचो.

सत्त्याण्णव साली बारामतीत एका मंडळानं नकलांची स्पर्धा ठेवली. मला आवाज काढायचा नाद होता. गारठ्यात सुरू न होणारा ट्रॅक्टर, कारखान्याचा भोंगा, एसटीचा कंडक्टर. पण हे सगळं बांधावर आणि चावडीवर चालायचं, स्टेजवर कधी चढलो नव्हतो. नाव मात्र देऊन बसलो.

तात्यांना कळलं तसे धोतर झटकून एसटीच्या थांब्यावर हजर.

"तात्या, तुमाला ऐकू कुठं येणार हाय?" मी हातवारे करत विचारलं.

"तोंड तर दिसंल न्हवं? आपल्या देवळातला पोरगा हाय. एक तरी माणूस नको व्हय वळखीचा?"

दुपारी चारला माझं नाव पुकारलं. तात्या पहिल्या रांगेत बसले होते. ट्रॅक्टरला थोडं हसू आलं. भोंगा काढायला तोंड उघडलं आणि लाइट गेली. माइक बंद, पंखे बंद. मागून आरडाओरडा सुरू झाला.

"आवाज! आवाज!"

"ओ पावनं, ट्रॅक्टर बंद पडला का? ढकलू का?"

लोक त्याला हसले, मला नाही. खुर्च्या सरकायला लागल्या. माझ्या डोक्यातलं सगळं पुसलं गेलं. कीर्तनात बुवा अडले की हात वर करतात, मागचे टाळकरी भजन उचलतात आणि बुवांना विचार करायला वेळ मिळतो. सवयीनं मीही हात वर केला. मागं कुणी नव्हतं. वर गेलेल्या हाताचं काय करावं कळेना, तो खाली आला तो सरळ कानामागं.

मग पुढचं आपोआप झालं. मान पुढं काढली. डोळे बारीक करून न दिसणाऱ्या बुवांच्या ओठांकडं बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. सगळे थांबले असं दाखवलं आणि मी एकटाच तोंड वासून राहिलो. मग दचकून इकडंतिकडं बघितलं. तोंडातून एक शब्द नाही. सभागृह कोसळलं. मागची माणसं खुर्च्यांवर उभी राहिली. मी तेच परत केलं, आणखी तोंड वासून.

तात्याही हसत होते. पहिल्यांदा सगळ्यांच्या बरोबरीनं हसत होते, कारण यात ऐकायचं काही नव्हतं. हसताना नीट दिसावं म्हणून पुढं वाकले होते आणि त्यांचा हात कानामागं होता. तो हात हळूहळू खाली आला. मांडीवर ठेवून ते त्याच्याकडं बघत बसले.

मला दुसरा नंबर मिळाला. बक्षिसात भिंतीवरचं घड्याळ. परतताना एसटीत तात्या खिडकीशी बसले. भिगवण रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "शेवटचं लई ब्येस झालं. समदं कळलं मला."

पुढच्या एकादशीला ते देवळात आले नाहीत. मी घरी गेलो. त्यांच्या मालकीण बनाबाई ज्वारी पाखडत होत्या.

"काकी, तात्या?"

"हायती गोठ्यात. टाळ खुंटीला अडकावलाय. काय झालंय ते तुमालाच ठावं."

तात्या म्हशीपुढं वैरण टाकत होते. माफी हळू आवाजात मागायची गोष्ट. मला ती ओरडून मागावी लागली. शेजारच्या दारात माणसं आली.

"वरडू नगं," तात्या म्हणाले. "तुझ्यावर राग न्हाय, जोतीराम."

मी पाय धरले. त्यांनी मला उठवलं आणि वैरणीची काडी दोन बोटांत मोडत राहिले.

"एवढी वरसं मला वाटायचं, मी समद्यांच्या संगं म्हणतोय."

ते पुन्हा कीर्तनाला उभे राहिले नाहीत. बुवा सवयीनं भजन संपल्यावर थांबत राहिले. ते थांबणं मला सोसेना. एका एकादशीला मी मुद्दाम अर्धी ओळ मागं राहिलो. सगळे गप्प झाल्यावर डोळे मिटून, मनापासून, एकट्यानं 'विठ्ठल' म्हटलं.

मृदंगावरच्या रावजीला हसू फुटलं. मग टाळकऱ्यांना. बुवांनी माझ्याकडं बघितलं, आणि न थांबता बोलायला सुरुवात केली.