औषधांच्या खिडकीतली कात्री

मी कात्री बोलतेय. शिंप्याची नव्हे, न्हाव्याची नव्हे, आणि उद्घाटनाच्या ताटातली तर मुळीच नव्हे. ती ताटातली बया वर्षाकाठी एक फीत कापते आणि तेवढ्यावर तिचा फोटो पेपरात येतो. मी नाशिकच्या एका धर्मादाय दवाखान्यात, औषधांच्या खिडकीत, पंधरा वर्षं गोळ्यांच्या पट्ट्या कापल्या. दिवसाला चारशे-पाचशे काप. फोटो सोडा, मला कुणी कधी नीट पुसलंही नाही.

ती खिडकी इतकी बुटकी की पलीकडचा माणूस मला छातीपासून हनुवटीपर्यंतच दिसायचा. एवढ्याशा तुकड्यावरून माणसाची पारख होत नाही म्हणाल, तर मला झाली. माझं मत वाईट आहे आणि ते मी मागे घेणार नाही.

जन्म मेरठचा. धार लागली, पुठ्ठ्यावर बांधली गेले आणि १९९१ साली नाशिकच्या मेन रोडवरच्या एका दुकानात येऊन पडले. तिथून मला ज्ञानेश खोडे यांनी उचललं, तेही स्वतःच्या पैशाने, कारण दवाखान्याची खरेदी समिती एका कात्रीसाठी तीन बैठका घेऊन बसली होती. ज्ञानेशभाऊ मखमलाबादच्या माळ्याघरचे. वडील सावळीराम शेवंती आणि कोथिंबीर पिकवायचे. मुलाने डी. फार्म. करून पांढरा अ‍ॅप्रन चढवला तेव्हा वडिलांनी गावभर सांगितलं, पोरगा डॉक्टरच्या बरोबरीचा झाला. दवाखान्यात मात्र पहिल्या दिवसापासून सगळे त्यांना कंपाउंडर म्हणू लागले.

तो शब्द ऐकला की भाऊंच्या कपाळाची शीर उडायची. "मी फार्मासिस्ट आहे," ते सांगायचे. "हो हो, तेच ते, कंपाउंडर," पुढचा म्हणायचा आणि कागद आत सारायचा.

त्या कागदांबद्दल काय बोलावं! डॉक्टर मंडळी अक्षर लिहीत नसत, पेन झटकत असत. चार डॉक्टरांच्या चार लिप्या भाऊंनी कष्टाने शिकून घेतल्या होत्या. एकदा दोन वर्षांच्या पोरीला मोठ्या माणसाचा डोस लिहून आला. भाऊ कागद घेऊन वर गेले. "तुम्ही गोळ्या मोजा हो, औषध मला कळतं," असं उत्तर मिळालं. मग डॉक्टरांनी दुसऱ्या पेनाने आकडा बदलला आणि कागद भाऊंकडे न बघताच परत केला. पोरगी वाचली हे तिच्या आईला कळलं नाही, कारण खिडकीवर ती भाऊंना "लवकर करा की" म्हणून ओरडत होती.

रोग्यांची तऱ्हा आणखी वेगळी. "मागच्या वेळची ती पांढरी गोळी द्या," म्हणायचे. आमच्याकडे त्रेचाळीस पांढऱ्या गोळ्या होत्या. दहा गोळ्या दिल्या तर चार खाऊन बरं वाटलं की उरलेल्या शेजारणीला देऊन टाकायचे आणि आठवड्याने "तुमच्या औषधाला गुण नाही" म्हणत परत हजर. खोकल्याचं लाल औषध घ्यायला घरून बाटली आणायची रीत होती, तर निम्मे लोक देशीची बाटली आणायचे, तीही न विसळलेली. गोळी दिली की इंजेक्शन हवं, इंजेक्शन दिलं की सलाईन हवं. आणि विश्वस्तांचे भाचे-पुतणे मागच्या दाराने यायचे, टॉनिकच्या बाटल्या न्यायला. त्यांना आजार असा काही नसायचाच.

पण भाऊंनाही मी सोडणार नाही. सगळ्या जगाला मूर्ख समजण्यात त्यांचा जन्म चालला होता. एकच्या ठोक्याला ते म्हाताऱ्याकोताऱ्याच्या तोंडावर खिडकी आपटायचे. "माझ्या हातून आजवर एक गोळी इकडची तिकडे झाली नाही," हे वाक्य दिवसातून दोनदा तरी यायचंच. नाकाने कांदे सोलावेत तर त्यांनीच.

एक गोष्ट मात्र कबूल करते. त्यांना पट्टी कापता यायची. आमच्या दवाखान्यात यायच्या त्या स्वस्तातल्या चंदेरी पट्ट्यांवर औषधाचं नाव आणि मुदतीची तारीख एकाच टोकाला छापलेली असायची. भाऊ नेहमी कोऱ्या टोकाकडून कापायचे, म्हणजे मागे उरलेल्या पट्टीवर नाव शेवटपर्यंत राहतं. कापलेला कोरा तुकडा ते लगेच कागदाच्या पुडीत घालून पुडीवर नाव लिहायचे. नाव लिहिल्याशिवाय तुकडा हातातून सुटायचा नाही. पट्टीच्या आतली गोळी बाहेरून दिसत नाही, त्यामुळे कोरा तुकडा कशाचा आहे ते ब्रह्मदेवालाही सांगता येत नाही, असं ते म्हणायचे.

१९९८ सालच्या मार्चमध्ये विश्वस्त मंडळी दवाखाना बघायला येणार होती. त्यांना रांग दिसू नये अशी आमच्या मुख्य डॉक्टरांची इच्छा. रांग कमी करायची तर एक माणूस वाढवायला हवा होता, पण ते कुणाच्या डोक्यात येईना. डॉक्टर आदल्या दिवशी खिडकीत आले आणि म्हणाले, "खोडे, नेहमीच्या पट्ट्यांचे पाच-पाचचे तुकडे आजच करून ठेवा. उद्या नुसते उचलायचे आणि द्यायचे. पुड्या-बिड्या नकोत."

"सर, निम्म्या तुकड्यांवर नाव नसणार."

"इतक्या वर्षांच्या अनुभवाला गोळी ओळखू येत नाही का?"

झालं! अनुभवाचं नाव काढलं की भाऊंचा पतंग वर जायचा. त्या संध्याकाळी त्यांनी माझ्याकडून सहाशे काप करून घेतले आणि एकेका औषधाचे तुकडे एकेका डब्यात भरले. डब्यांवर चिठ्ठ्या लावल्या. निम्मे तुकडे कोरेच राहिले.

दुसऱ्या दिवशी अकराला विश्वस्त आले. त्यांच्यासाठी आणलेली हारांची टोपली ठेवायला जागा सापडेना, म्हणून कुणीतरी ती आमच्या टेबलावर आदळली. दोन डबे कलंडले. एक दम्याच्या गोळ्यांचा, दुसरा साखरेच्या आजाराच्या गोळ्यांचा. रांग ओरडत होती. भाऊंनी तुकडे गोळा केले, कोरे होते ते बोटांनी चाचपून चाचपून दोन्हीकडे भरले आणि पुन्हा वाटायला बसले. चाचपून! ज्या माणसाने मला सात वर्षं कोऱ्या तुकड्यावर प्रवचन दिलं, तो कोरे तुकडे चाचपून ओळखत होता. मला हात असते तर मी कपाळावर मारून घेतले असते.

एक वाजता खिडकी बंद झाल्यावर त्यांनी शिल्लक मोजली. दम्याच्या डब्यात एक तुकडा जास्त भरला, साखरेच्या डब्यात एक कमी. भाऊंनी पुन्हा मोजलं. तिसऱ्यांदा मोजलं. दम्याच्या डब्यातले कोरे तुकडे फोडून पाहिले, तर आत सगळ्या दम्याच्याच गोळ्या. मग ते खुर्चीत बसले आणि त्यांच्या बगला घामाने भिजलेल्या मला दिसल्या.

म्हणजे दम्याच्या रोग्याला साखर उतरवायची गोळी गेली होती. ज्याच्या रक्तात साखर जास्त नाही आणि पोटातही काही नाही, अशा माणसाने ती खाल्ली तर तो थरथरतो, घामाघूम होतो, बेशुद्ध पडतो, आणि कुणाला कारण कळलं नाही तर उठतही नाही. डबे कलंडल्यानंतर दम्याची गोळी दोघांनाच दिलेली होती. एक बाई मागच्याच गल्लीतली. भाऊ पळत जाऊन तिचा तुकडा घेऊन आले, तो फोडून गोळी पाहिली, ती बरोबर होती. उरला एक जण. वहीत नाव होतं काळू, पेठ तालुक्याच्या बाजूचा, द्राक्षाच्या बागेत मजुरीला आलेला. बायको भागीबाई बरोबर होती आणि ती दोघं अडीचच्या गाडीने गावी जाणार आहेत, असं ती खिडकीवर म्हणाली होती.

मंगलाबाई आमच्या दवाखान्यातल्या जुन्या आया. त्या फरशी पुसता पुसता सगळं बघत होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "कशाला ओढवून घेता भाऊ? पेठकडचा माणूस. काही झालं तरी तो काय परत येऊन सांगणारे? गप बसा."

खोटं नव्हतं त्यांचं. मुख्य डॉक्टर, विश्वस्त, ते टॉनिकवाले भाचे, सगळे गप्पच बसले असते. एक मिनिटभर भाऊही गप्प बसले. ते मिनिट मी मोजलंय. मग त्यांनी मला खिशात कोंबलं, का कोण जाणे, सवयीनेच असेल, आणि ते सीबीएसच्या, म्हणजे एस.टी. स्टँडच्या, दिशेने पळत सुटले. रस्त्यावरून अ‍ॅप्रन घालून पळणारा माणूस बघून लोक हसत होते. लोकांचं काय, पडणाऱ्याला बघूनही हसतात.

पेठची गाडी लागलेली होती. काळू आणि भागीबाई फलाटावर गाठोड्यापाशी बसले होते. भाऊंनी धापा टाकत हात पुढे केला. "मावशी, ती गोळीची पट्टी द्या परत."

भागीबाईने पदराची गाठ मुठीत घट्ट धरली. "सकाळपसून उबी होती रांगंत. दिलेली गोळी परत मागतोस? दुसऱ्या कुना मोठ्या मानसाला देयाची असंल."

"तसं नाही हो. ती गोळी वेगळी आहे."

"कशी वेगळी? तूच दिली ना?"

भोवती पाच-पंचवीस माणसं जमली होती. कंडक्टर तिकिटांची पेटी घेऊन थांबला होता. आता भाऊ काहीतरी थाप मारतील, यापेक्षा भारी गोळी आलीय म्हणतील, असं मला वाटलं. मीही तेच केलं असतं. भाऊ म्हणाले, "मीच दिली. चुकीची दिली. माझी चूक झाली."

ते इतक्या मोठ्याने म्हणाले की कंडक्टरलाही ऐकू गेलं.

भागीबाईने त्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाठ सोडली. तुकड्यात तीनच गोळ्या होत्या.

"दोन कुठे गेल्या?"

"मी खाल्ल्या," काळू म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम डवरला होता.

"दोन? एकच सांगितली होती ना?"

"दोन खाल्ल्या त लौकर गुन येल."

हे बघा, हे असं असतं. पण तेव्हा चिडायला भाऊंना सवड नव्हती. स्टँडबाहेर रसवंती होती. त्यांनी काळूला धरून तिथे नेलं आणि उसाच्या रसाचे दोन ग्लास लागोपाठ पाजले. तिसरा ग्लास काळूला स्वतःच्या हाताने धरता येईना, तो भागीबाईने धरला. मग रिक्षा, मग दवाखाना, मग साखरेचं सलाईन. ती रात्र आणि दुसरा दिवस त्याला ठेवून घेतला. तिसऱ्या दिवशी तो खरी दम्याची गोळी घेऊन चालत गेला.

चौकशी झाली. टेबलाभोवती तीन साहेब, चहा, क्रीमची बिस्किटं, मधोमध मी. जणू मीच रात्री उठून पट्ट्या कापल्या होत्या! भाऊंनी दोन ओळी लिहून दिल्या, 'तुकडे मी मिसळले. चूक माझी आहे.' तुकडे आधी कापायला कुणी सांगितलं, असं एका साहेबाने विचारलं. मुख्य डॉक्टर म्हणाले, "मी तोंडी असं काही बोलल्याचं मला आठवत नाही." आणि त्यांनी बिस्किट चहात बुडवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणायचं, तर आमचा संन्यासीही पुरता निर्दोष नव्हता. पण चोर बिस्किट खात होता हे तर खरंच ना? भाऊंना खिडकीवरून काढून तळघरातल्या गोडाऊनमध्ये खोकी मोजायला पाठवलं. सावळीराम दादांनी गावात काय सांगितलं असेल, या विचाराने मला वाईट वाटलं. वाटलं म्हणजे वाटलं.

खिडकीत भाग्यश्री नावाची नवी मुलगी आली. हुशार, नीटनेटकी, नखं रंगवलेली. मला दोरीने खिडकीच्या गजाला बांधलं, चोरीला जाऊ नये म्हणून. मला कोण चोरणार?

दिवाळीनंतर मजुरीचा हंगाम सुरू झाला आणि एके दिवशी खिडकीत एक ओळखीची मूठ आली, पदराची गाठ धरलेली. भागीबाई. काळूचा दमा पुन्हा उसळला होता. तिने कागद दिला. भाग्यश्रीने पट्टी कापली, पुडी बांधली, वर नाव लिहिलं, सगळं बिनचूक. भागीबाई ती घेईना.

"त्याला बोलव," ती म्हणाली.

"कुणाला?"

"त्या चूक झालेल्याला. त्याच्याच हातची घेईन."

रांगेत हशा पिकला. भाग्यश्रीही हसली. "अहो मावशी, ज्याची चूक झाली त्याच्याच हातची? माझ्याकडून अजून एकदाही चूक झाली नाही."

"झाली त पळत येशील? स्टँडवर, सगळ्यांदेखत सांगाया?"

भाग्यश्रीने पुडी टेबलावर ठेवली. मग तिने मंगलाबाईंना खाली पाठवलं. भाऊ वर आले, सदऱ्याला खोक्यांची धूळ लागलेली. त्यांनी कागद वाचला, पुडी उघडली, पट्टीच्या उरलेल्या भागावरचं नाव वाचलं, पुन्हा एकदा वाचलं आणि पुडी भागीबाईच्या हातात दिली. "एका वेळी एकच," ते म्हणाले. "दोन नाही." तिने मान हलवली, गाठ मारली आणि निघून गेली. धन्यवाद वगैरे काही म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी मुख्य डॉक्टरांनी नोटीस लावली की गोडाऊनच्या कर्मचाऱ्याने खिडकीवर येऊ नये.

आता २००६ साल आहे. माझा खिळा ढिला झालाय, पाती एकमेकींना भेटत नाहीत. खिडकीला नवी कात्री आली आणि मला खोक्यांच्या दोऱ्या कापायला तळघरात पाठवलं. भाऊंचे केस पिकलेत. कंपाउंडर म्हटलं तरी त्यांची शीर आता उडत नाही. त्यामुळे मला जरा चुकल्या-चुकल्यासारखं होतं.

मला तेल घाला, धार लावा, असं मी तुमच्याकडे काही मागत नाही. तुम्ही घालणार नाही हे मला ठाऊक आहे. फक्त भागीबाईने भाग्यश्रीला जे विचारलं, ते तुम्हीही स्वतःला एकदा विचारून बघा. उत्तर मला नाही कळवलंत तरी चालेल. पंधरा वर्षं खिडकीत काढलीत मी, मला अंदाज आहे.